फाटकाजवळचा ढीग

सरकारनं तारेत बांधलेलं जंगल माघात एक दिवस लोकांना बघायला उघडणार, अशी दवंडी धानोऱ्याच्या बाजारात फिरली तेव्हा नीलाबाई हिरडा विकायला बसली होती. व्यापाऱ्यानं तिचा हिरडा तागडीत ओतला होता. माप व्हायच्या आतच ती उठली. अर्धं माप टाकून कुठी पळून राह्यली, म्हणून व्यापारी मागून ओरडला, पण तोवर ती बाजाराच्या पार दुसऱ्या टोकाला पोचली होती. तिथे तिचा दीर चैतू एका कोंबड्याचे पंख चाचपत बसला होता.

"ऐकलं का?" एवढंच तिनं विचारलं.

चैतूनं ऐकलं होतं. त्यानं कोंबडा खाली ठेवला आणि मान हलवली. नऊ वर्षं जी गोष्ट अडून बसली होती ती आता एका दिवसात उरकायची होती, आणि तो दिवस गेला तर जंगल पुन्हा कधी उघडेल हे सांगणारं कोणी नव्हतं.

त्या काळी चांदा जिल्हा एवढा मोठा होता की एका टोकाच्या माणसाला दुसऱ्या टोकाची बोली कळत नसे. गडचिरोली त्यातलाच एक जंगली तुकडा. नीलाबाईचा टोला त्या तुकड्याच्याही आत, साताठ घरांचा. टोल्याच्या भोवती पूर्वी असं रान होतं की भर दुपारी बायका पाण्याला जाताना एकमेकींचा पदर धरून जायच्या. मोह, ऐन, बिजा, धावडा, आणि नाल्याच्या काठानं चारोळी. चारोळी पिकली की पोरं संध्याकाळपर्यंत घरी यायची नाहीत, आणि आली की त्यांच्या जिभा काळ्या असायच्या.

मग दूर कुठेतरी लढाई लागली आणि तिला लाकूड लागलं. ठेकेदार आला. त्यानं सिरोंच्याकडून तेलंगी लाकूडतोडे आणले, टोल्यातल्या माणसांच्याही हातात कुऱ्हाडी दिल्या. तीन-चार हिवाळ्यांत डोंगराच्या पायथ्यापर्यंत सगळं सपाट झालं. उरली ती खुंटं, आणि खुंटांना फुटलेली गुडघाभर झुडपं. टोल्यातून डोंगर उघडा दिसू लागला. हरणं गेली, डुकरं गेली. एक वाघ मात्र गेला नाही. तो म्हातारा होता, मागच्या पायानं लंगडत होता, आणि त्या झुडपांत पडून राहायचा.

स्वराज्य यायच्या आदल्या साली त्यानं नीलाबाईचा नवरा लालसू नेला. लालसू सरपणासाठी एक खुंट खणत होता. माणसं ढोल वाजवत पोचली तेव्हा खुंटाजवळ त्याची कुऱ्हाड होती, पागोटं होतं, आणि तो निम्मा होता. पंधरवड्याच्या आत त्याच वाघानं एक तेलंगी लाकूडतोड्या उचलला, लालसू पडला तिथून हाकेच्या अंतरावर. त्याचं नावही कोणाला ठाऊक नव्हतं. त्याचे सोबती भ्याले आणि त्याच दिवशी सामान बांधून गावाकडे निघून गेले.

वाघानं नेलेल्या माणसाचा जीव सुटत नाही, असं त्या मुलखात सगळे मानत. तो वाघाच्या पाठीवर बसतो, उपाशी असतो, आणि वाघाला माणसांची वाट दाखवत फिरतो. म्हणून माणूस जिथे पडला तिथून जाणारा-येणारा एक दगड टाकतो. तुला विसरलो नाही, आमच्या मागं येऊ नको, असा त्या दगडाचा अर्थ. दगडावर दगड पडून ढीग होतो. टाकलेला दगड कोणी कधी उचलत नाही, हलवून बघतसुद्धा नाही. हलवायचाच झाला तर त्याच्या रक्ताच्या माणसानं, आणि तोही अख्खा ढीग.

बाकीचं काम घरच्यांचं. त्याच जागी जायचं, तांदळाचं पीठ पळसाच्या पानावर ठेवायचं आणि भावानं नाव घेऊन हाक मारायची. मुंगी येवो, भुंगा येवो, कोळी येवो, पिठावर जो जीव आधी येईल तो आपला माणूस. त्याला द्रोणाखाली झाकायचं, न बोलता, मागं न बघता घरी आणायचं, आणि चुलीमागच्या कोपऱ्यात वाडवडलांच्या मडक्यात बसवायचं. मग तो घरचा झाला. मग त्याच्या नावानं पान वाढता येतं, लग्नाची हळद आधी त्याला लावता येते.

लालसूचं हे राहून गेलं. चैतू तेव्हा राजुऱ्याकडे कोळशाच्या खाणीवर होता, आणि भावाशिवाय हाक मारणार कोण? निरोप पोचून तो परत आला तोवर वर्ष उलटलं होतं, नीलाबाई हिवतापानं अंथरुणाला खिळली होती, आणि सरकारनं ठरवलं होतं की हे बोडकं रान तारेत घ्यायचं, माणसाचं पाऊल पडू द्यायचं नाही, म्हणजे ते पुन्हा उठेल. तार ओढायला सुरुवात झाली होती. चैतूनं तेव्हा जे सुचलं ते केलं. शेवटच्या दोन दिवसांत त्यानं भावाचा ढीग दगड दगड करून बैलगाडीत भरला आणि फाटकाबाहेर, गाडीवाटेच्या कडेला आणून रचला. निदान लोक दगड तरी टाकत राहतील, दादा उपाशी राहणार नाही.

लोक टाकत राहिले. नीलाबाई तर बाजाराला जाताना एक आणि येताना एक. पावसाळ्यात नाल्यातून गुळगुळीत दगड निवडून आणायची. टाकताना घरातलं सांगायची, पोरगी मोठी झाली, गाय व्यायली, यंदा धान कमी झालं. त्या ढिगाशी बोलण्यात तिच्या आयुष्याची आठ वर्षं गेली.

टोल्याचा भुमक होता झाडू. देवाचं, पेरणीचं, मेल्या माणसाचं सगळं तोच बघायचा. नीलाबाईनं त्याला किती वेळा विचारलं की ढीग बाहेर आला आहे, तर तिथूनच हाक मारली तर नाही का चालणार? झाडूचं उत्तर ठरलेलं.

"दगड माणूस उचलते, बाई. रगत मातीनं उचललं हाये. जिथी सांडलं तिथीच बोलवा लागते."

आणि वाट बघण्याचे दिवस आता उरले नव्हते. अन्नपूर्णा, तिची एकुलती एक पोर, विशीला आली होती. दोन ठिकाणं येऊन मोडली. तिसरं धानोऱ्याजवळच्या लच्छूच्या मुलाचं. मुलगा कामाचा होता, अन्नपूर्णानं त्याला रेलानाचात पाहिलं होतं आणि तेव्हापासून ती दुसऱ्या कोणाचं नाव ऐकून घेत नव्हती. लच्छू माणूस वाईट नव्हता. त्यानं निरोप पाठवला तो असा: पोरगी चांगली हाये, पण तिचा बाप वाघाच्या पाठीवर हाये. तिच्यामागून तो आमच्या घरी याचा. त्याले आधी घरी बसवा, मंग हळद लावू. यंदाच्या उन्हाळ्यात झालं तर झालं, नाही तर माझ्या पोराले मी दुसरीकडं पाहीन.

उघडायच्या दिवशी थंडी अशी होती की बोलताना तोंडातून वाफ निघत होती. फाटकाला आंब्याच्या डहाळ्या बांधल्या होत्या. धानोऱ्याहून मास्तर आले होते, दोन-तीन दुकानदार, मालगुजाराच्या घरच्या बायका. गडचिरोलीहून मोटारीनं रेंजर गुणवंतराव आणि त्यांची बायको इंदुताई आली होती. जंगलावर पहारा करणारा मुखरू नाकेदार खाकी कोट घालून फाटकात उभा होता. तो शेजारच्या गावचा, शेतकऱ्याच्या घरचा, लालसूबरोबर लहानपणी मासे धरलेला. नीलाबाई, चैतू आणि अन्नपूर्णा फाटकाशी आली तेव्हा तो पुढं झाला आणि त्यानं हळूच बजावलं की पायवाट सोडायची नाही, पान तोडायचं नाही, सूर्य कलला की बाहेर, नाही तर त्याच्या नोकरीवर येईल. नीलाबाईच्या पदराखालचं पुडकं त्यानं पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

चैतूनं फाटकाजवळच्या ढिगावर एक दगड टाकला. नीलाबाईनंही टाकला, आणि ती आत शिरली.

पहिल्या वळणावरच ती थांबली. तिला वाटलं होतं की आत गेल्यावर डोंगर दिसेल, डोंगराच्या खांद्यावरून नजर खाली आणली की नाला, आणि नाल्याच्या अलीकडे तो खुंट. लालसू गेला तेव्हा तिथे सगळं उघडं होतं, तशीच ती जागा तिच्या मनात बसली होती. आता डोंगरच दिसत नव्हता. ऐन दोन पुरुष उंच झाले होते, धावडे झाले होते, मधल्या मोकळ्या जागी सरकारनं लावलेली रोपं आडवी फुटून एकमेकांत गुंतली होती. कुठंतरी मोर ओरडला. आठ वर्षांत ते रान असं उठलं होतं की जणू कुऱ्हाड कधी लागलीच नव्हती.

लोक हरखून गेले होते. मास्तर मोठ्यानं झाडांची नावं घेत होते. कोवळ्या चारोळीच्या झाडाशी एक म्हातारी उभी राहून डोळे पुसत होती, माझ्या लहानपणी असंच होतं म्हणत होती. आणि खरंच असंच होतं. नीलाबाईलाही ते कळत होतं. पण तिला ते रान परत नको होतं. तिला ती बोडकी जागा हवी होती.

"नाला कुठी हाये?" तिनं चैतूला विचारलं.

चैतूनं चारी दिशांना पाहिलं. तो म्हणाला की पायवाट नाल्याकडंच जात असणार, आपण चालत राहू. मग अन्नपूर्णेला हसू आलं. बाप गेला तेव्हा ती अकरा वर्षांची होती, पण आता त्याचा चेहरा तिला नीट आठवत नव्हता, आणि ते तिचं दुःख तिनं कोणाला सांगितलं नव्हतं. ती म्हणाली, "काका, तू ढीग आणला ना इथून? मंग तुलेच जागा दिसत नाई?"

"गाडी भरून राह्यलो होतो तवा जंगल नव्हतं, माय," चैतू म्हणाला. "खुंटं होती. एका खुंटासारखं दुसरं."

पायवाट खरोखरच नाल्याला लागली. तिथे झाडं थोडी मागं सरली होती, पण सावली इतकी दाट की जमीन ओली होती. मधोमध एक ऐन सरळ वर गेला होता, त्या भागातल्या सगळ्या झाडांहून उंच. त्याच्या बुंध्याला टिनाची पाटी ठोकली होती आणि भोवती दगडांचा गोल पार होता, चुना मारलेला, पांढराशुभ्र. आजूबाजूची जागा झाडून लख्ख केली होती. पारावर पाहुणे बसले होते. गुणवंतराव उभे राहून सांगत होते की हा ऐन कोणी लावला नाही, इथे दगडांचा एक लहानसा ढीग पडलेला होता आणि त्याच्या मधूनच हा उगवून वर आला. मग तेच दगड जरा सारखे करून बसायला जागा केली. माणसानं नुसतं दूर राहावं, बाकी जंगल आपलं आपण बघतं, असं ते म्हणाले. त्यांच्या आवाजात अभिमान होता, आणि तो खोटा नव्हता.

इंदुताई पाराच्या कडेला बसल्या होत्या, डब्यातून चिवडा वाटत होत्या. त्या ज्या दगडावर बसल्या होत्या तो बाकीच्यांसारखा नव्हता. अर्धगोल होता, आणि चुन्याखालूनही त्यावर टाकीचे घाव दिसत होते.

नीलाबाई त्या दगडाकडे बघत राहिली. लालसू गेल्याच्या तिसऱ्या दिवशी टोल्यातल्या बायकांनी तिला त्या जागी नेलं होतं. प्रत्येकीनं एक दगड टाकला. तिच्या हातात दगड नव्हता. तिनं घरून जात्याची फुटकी वरची तळी उचलून नेली होती, कारण ती तिच्या आणि लालसूच्या लग्नात आलेलं जातं होतं.

चैतूनं ढीग हलवला तेव्हा तिनं त्याला अंथरुणावरूनच त्या तळीबद्दल विचारलं होतं. सगळं आणलं, असं तो म्हणाला होता. त्यानंतर तिनं फाटकाजवळच्या ढिगात ती कधी शोधली नाही. ढिगातला दगड कोणी उचलत नाही.

ती पुढं गेली आणि इंदुताईंसमोर उभी राहिली. इंदुताईंना वाटलं तिला चिवडा हवा आहे, त्यांनी मूठ भरून पुढं केली. नीलाबाईनं हात जोडले.

"बाई, तिथून उठा. तठी माझा माणूस हाये."

इंदुताई हातातला चिवडा घेऊन तशाच उभ्या राहिल्या. मग बाकीचेही उठले, एकेक करून, काय झालं ते न कळता. गुणवंतराव चिडले नाहीत. त्यांनी मुखरूकडे पाहिलं, आणि मुखरूनं मान खाली घालून सांगितलं की साहेब, इथी एका माणसाले वाघानं नेलं होतं, हे त्याचे घरचे हायेत. गुणवंतराव पारापासून दोन पावलं मागं सरले. मग त्यांनी पाहुण्यांना पुढल्या वळणाकडे नेलं, आणि जाताना मुखरूला बजावलं की फाटक बंद व्हायच्या वेळेपर्यंत यांना कोणी हटकायचं नाही.

ते गेल्यावर नीलाबाई चैतूकडं वळली.

"मंग फाटकाजवळ कोण हाये?"

चैतू खाणीवरून आला तेव्हा उघड्या रानात दोन ढीग होते, हाकेच्या अंतरावर, एक मोठा आणि एक लहान. कोणता कोणाचा ते त्यानं कोणाला विचारलं नाही. विचारायची गरजच त्याला वाटली नाही. दादा टोल्याचा माणूस, त्याला ओळखणारे, त्याच्या हातचं खाल्लेले शंभर जण. त्याच्यावर जास्त दगड पडणार, हे उघड होतं. परक्या तेलंग्याला कोण दगड टाकतो?

मुखरू तिथेच उभा होता. तो म्हणाला, "परक्यालेच टाकते, चैतू. गावच्या माणसाले घरचे हायेत, ते पाहतेत त्याचं. परक्याचं कोणीच नाई. तो जास्त उपाशी, तो जास्त मागं लागते. मी बी त्यालेच टाकत होतो. सगळेच भ्यायचे त्याले. तू तोच ढीग नेला हे मले आज समजलं."

चैतू खाली बसला. त्यानं पाराच्या दगडावर हात ठेवला आणि हाताला लागलेला चुना बघत राहिला. आठ वर्षं आपण कोणाला घरची सुखदुःखं सांगितली, कोणाच्या अंगावर नाल्यातले गुळगुळीत दगड निवडून टाकले, हे नीलाबाईला त्या क्षणी उलगडलं, आणि तितक्याच क्षणात हेही की लालसूच्या ढिगावर आठ वर्षांत एकही दगड पडला नाही. तो इथे बसून होता. लोक त्याच्यावर बसून चिवडा खात होते. त्याच्या पोटातून झाड वर गेलं होतं.

"ऊठ," ती चैतूला म्हणाली. "हाक मार."

तिनं पाराशी पळसाचं पान मांडलं, वर तांदळाचं पीठ टाकलं. चैतूनं कपाळ जमिनीला लावलं आणि हाक मारली. "लालसू दादा, ये. घरी चाल. तुह्यी पोरगी न्यायला आली हाये." पुन्हा मारली. पुन्हा. रानात आवाज विरून जात होता. ऐनाच्या शेंड्यावर ऊन होतं पण खाली एक कवडसाही पडत नव्हता. जमीन गार होती, झाडून काढलेली, आणि चुन्याचा वास येत होता. पिठावर काही आलं नाही.

त्यांनी पान दुसऱ्या बाजूला मांडलं. मग जात्याच्या तळीवर. अन्नपूर्णाही गुडघ्यांवर बसली. तिनं एकदाच, अगदी हळू, बा, असं म्हटलं. मग ती उठून झाडाआड गेली आणि तिथेच राहिली. चैतूचा घसा बसला. पिठावर झाडावरनं एक वाळकं पान पडलं, ते नीलाबाईनं बोटानं बाजूला केलं. एरवी त्या रानात भाताचं शीत सांडलं तर मुंग्यांची रांग लागते. त्या दिवशी एक मुंगी आली नाही.

मुखरू दोनदा येऊन बघून गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा त्याच्या हातात फाटकाचं कुलूप होतं. नीलाबाईला कळलं. तिनं उरलेलं पीठ पुडक्यात बांधलं. तिनं आसपास पाहिलं, एक दगड उचलला, आणि जात्याच्या तळीवर ठेवला. बाकीचं रान एवढं हिरवं होतं, एवढं जिवंत होतं, आणि तिच्या माणसासाठी त्यात एक किडा नव्हता.

"रागावला का तो?" अन्नपूर्णेनं चालताना विचारलं.

"नाई," नीलाबाई म्हणाली. आणि थोड्या वेळानं, "असंन."

फाटकाबाहेर अजून ऊन होतं. गाडीवाटेवर धूळ उडत होती, फाटकाजवळचा ढीग तापला होता. पाहुण्यांची मोटार निघून गेली होती. नीलाबाई ढिगाजवळून पुढे जाणार तोच चैतू थांबला. त्यानं तिच्या हातातलं पुडकं घेतलं. तिनं दिलं, तो काय करणार हे तिला ठाऊक होतं की नव्हतं, कोण जाणे. त्यानं ढिगाच्या पायथ्याशी पान मांडलं, पीठ टाकलं, आणि बसल्या घशानं लालसूचं नाव घेतलं.

दुसरी हाक मारायची गरज पडली नाही. एका गुळगुळीत दगडाखालून मोठी तांबडी मुंगी निघाली, थेट पिठावर चढली. तिच्यामागून दुसरी. चैतूनं चटकन द्रोण पालथा घातला.

त्यानं वर पाहिलं. डोळे भरले होते. "आला वयनी. आठ वर्षं तू इथीच बोलावून राह्यली त्याले. तो इथीच आला असंन. तुह्या हाकेमागं उठून आला असंन."

नीलाबाई द्रोणाकडं बघत उभी राहिली. तिच्या शेजारी अन्नपूर्णा होती. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते नीलाबाईनं पाहिलं, आणि पाहिल्यावर तिला दुसरीकडं बघावं लागलं. मुखरू फाटकाला साखळी घालत होता. साखळी घालून झाली, कुलूप लागलं, आणि तो पाठ वळवून निघून गेला.

"घे," ती म्हणाली.

तिथून टोल्यापर्यंत कोणी बोललं नाही, कोणी मागं पाहिलं नाही. तसा नेमच होता. चैतूनं द्रोण दोन्ही हातांनी छातीशी धरला होता.

झाडू भुमक अंगणात वाट बघत बसला होता. त्यानं विचारलं की जागा सापडली का. चैतूनं सापडली म्हणून सांगितलं. जीव आला का? आला. हाक कोणाच्या नावानं मारली? लालसूच्या. तिन्ही उत्तरं खरी होती. झाडूनं मग मडक्याजवळ पाण्याचं भांडं मांडलं आणि त्यात तांदळाचे दोन दाणे सोडले, एक वाडवडलांचा आणि एक आलेल्याचा. दोन्ही दाणे तरंगत एकमेकांकडं आले आणि चिकटले. वाडवडलांनी घेतलं होतं. एका पाण्यात बसलेल्या पिढ्यांनी त्या माणसाला जवळ सरकून जागा करून दिली, आणि तो कोण म्हणून विचारलं नाही. झाडूनं हसून मान डोलावली, द्रोण मडक्यात रिकामा केला आणि झाकणी लावली.

लच्छूकडं दुसऱ्याच दिवशी निरोप गेला. चैत संपता संपता अन्नपूर्णेला हळद लागली. नेमाप्रमाणे त्या हळदीचं पहिलं बोट मडक्याला लागलं. लच्छूनं ते आपल्या डोळ्यांनी पाहिलं आणि त्याचं समाधान झालं. त्यानं मांडवात एवढी मोहाची घेतली की त्याच्या बायकोला त्याला धरून बसवावं लागलं.

पण ते नंतरचं. जीव घरी आणला त्याच संध्याकाळी, चुलीपाशी, पहिलं पान वाढायचं होतं. कोंबडा कापला होता. नीलाबाईनं रस्सा केला, भात केला. अन्नपूर्णा पाणी आणायला गेली होती. चैतूनं पळीनं रस्सा ढवळला, वास घेतला, आणि पळी तशीच हातात राहिली. रश्श्यात चिंच होती. थोडीथोडकी नाही, तेलंगी लोक घालतात तशी, जीभ आंबेल एवढी.

"वयनी," तो म्हणाला, "दादा आंबट खात नव्हता. तोंडाले लावत नव्हता."

"मले मालूम हाये," नीलाबाई म्हणाली.

तिनं त्याच्या हातातून पळी घेतली, भातावर रस्सा वाढला आणि पान मडक्यापुढं सरकवलं.